उपवासाला मिश्री चालते

माझ्या दवाखान्याच्या फाईलवर पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं: तंबाखू – नाही. ते खोटं होतं. लिहिणाऱ्या मुलीनं विचारलं, "आजी, तंबाखू खाता का?" मी म्हणाले, "न्हाई." तिनं मान वर न करता लिहिलं. वर बघितलं असतं तर माझ्या दातांवरची काळी रेघ तिला दिसली असती. पण मागं मोठी रांग होती आणि तिला माझ्या दातांत रस नव्हता.

आपण खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलंही नाही. आमच्याकडं तंबाखू गडी खातात. चुना लावून मळतात, गालात धरतात, भिंतीवर थुंकतात. बाया मिश्री लावतात. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, कुटायचं, फडक्यातून गाळायचं आणि बोटानं दातांना घासायचं. लग्नाच्या वर्षी माझी दाढ ठणकत होती, म्हणून सासूनं लावायला शिकवली. दाढ गेली, मिश्री राहिली. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, गोठा झाडून झाल्यावर, भांडण झाल्यावर. उपवासालासुद्धा. संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही न घेणाऱ्या बाया मिश्री लावतात आणि त्यांचा उपवास मोडला असं कोणी म्हणत नाही. मिश्री पोटात जात नाही, म्हणून ती खाणं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं ह्याच्यावरूनच झालं.

माझ्या हातची मिश्री बारीक आणि नीट भाजलेली असायची. अर्धी गल्ली माझ्याकडून न्यायची.

गाठ डाव्या बाजूला आली, कानाच्या खाली, जबडा संपतो तिथं. आधी चिंचोक्याएवढी होती, मग सुपारीएवढी झाली. दुखत नव्हती. न दुखणाऱ्या गोष्टीला आमच्याकडं आजार म्हणत नाहीत. जवळच्या सुपा गावातल्या डॉक्टरनं दोनदा गोळ्या दिल्या. एका शहाणीनं लेप सांगितला, तोही लावला. कातडी सोलून निघाली आणि गाठ होती तिथंच. मग मुलगा नगरला घेऊन गेला. पाट्यांवर आता दुसरं नाव लिहितात, पण एसटीत बसताना आम्ही नगरचंच तिकीट मागतो.

तिथल्या डॉक्टरनं गाठीत सुई घातली, पाणी काढलं आणि आठवड्यानं बोलावलं. डॉक्टर चाळिशीतला असेल. माझ्याशी बोलताना मुलाकडं बघायचा आणि मुलाशी बोलताना कॉम्प्युटरकडं. मला तो आवडला नाही, आजही आवडत नाही. त्यानं सांगितलं, गाठीत कॅन्सर आहे, पण तो गाठीतला नाही.

"म्हंजी?" मी विचारलं.

"म्हणजे तो दुसरीकडं सुरू झाला आणि इथं येऊन बसला. मूळ जागा तोंडात, घशात, नाकाच्या मागं, कुठंही असू शकते. ती बारीक असेल. आपल्याला ती शोधायची आहे."

हे मला लगेच समजलं. हराळीचं असंच असतं. वर दिसते बांधाला, आणि कांडं धरून ओढत गेलं की निघते वावराच्या मधोमध. वरची उपटून काही होत नाही.

डॉक्टरनं नाकातून दुर्बीण घातली. मी त्याचा हात धरला तर म्हणाला, "आजी, हात सोडा." जीभ चिमटीत धरून बोट घालून चाचपली. मानेचा फोटो काढला, तो साधा नव्हे, गोल यंत्रातला. कुठंच काही सापडलं नाही. मग त्यानं मुलाला सांगितलं, आणि मी तिथंच बसलेली असताना मी नसल्यासारखं सांगितलं, की मूळ सापडलं नाही तर सगळ्याच घशाला आणि जिभेच्या मुळाला दोन्ही बाजूंनी लाईट द्यावी लागेल. आमच्याकडं त्या किरणांच्या उपचाराला लाईट देणं म्हणतात. मूळ सापडलं तर तेवढ्याच बाजूला देता येईल.

"दोन्ही बाजूला दिली तर काय हुतं?" मी मधेच विचारलं.

पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं बघितलं. "तोंडातली लाळ आटते. कोरडा घास गिळता येत नाही. काहींना नळीनं द्यावं लागतं. काहींना आयुष्यभर पातळच खावं लागतं."

असा एक माणूस मी बघितला होता. आमच्याच आळीतला, दोन घरं सोडून. लाईट घेऊन आल्यावर तो कायम पाण्याची बाटली घेऊन बसायचा आणि दर दोन शब्दांनी घोट घ्यायचा. यात्रेच्या जेवणाला तो एकदा पंगतीत बसला. आमच्या गावात पंगतीतला शेवटचा माणूस जेवेपर्यंत कोणी उठत नाही. सगळी पंगत त्याच्या तोंडाकडं बघत बसली. भाकरीचा घास त्याच्या गालात फिरत राहिला, खाली जाईना. शेवटी त्यानं तो हातावर काढला, पानात ठेवला आणि उठून गेला. त्यानंतर मरेपर्यंत तो कुणाच्या पंगतीला आला नाही. घरी पेज प्यायचा, तीही दार लोटून.

मरण मला नवं नाही. नवरा, सासू, एक मुलगी, सगळी ह्या हातांनी पोचवली. पण दार लोटून पेज प्यायची माझी तयारी नव्हती. मला भाकरी खायची होती, चारचौघांत बसून. माझ्या बाजूनं सगळा प्रश्न एवढाच होता. ते मूळ सापडायला हवं होतं.

डॉक्टर म्हणाला, आता एकच मोठं यंत्र राहिलं आहे. पेट स्कॅन. हातात सुई टोचतात, तासाभरानं यंत्रात घालतात आणि डोक्यापासून मांडीपर्यंत बघतात. ज्यांची दुर्बिणीत सापडत नाही अशी मुळं पुष्कळदा त्यात दिसतात, पण दरवेळी दिसतातच असं नाही, हेही त्यानं सांगितलं. एवढं एक त्याचं खरं. आशा लावली नाही.

आता बरोबर कोण जाणार, हा प्रश्न आला. मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत शिफ्टला, आणि माझ्यापायी त्याच्या रजा आधीच संपल्या होत्या. सुनेला सातवा महिना. त्या सुईच्या औषधात किरणं असतात, ती टोचल्यावर काही तास गरोदर बाईनं जवळ यायचं नसतं. मुलगा जरा घुटमळला आणि म्हणाला, "काकीला सांगू का?"

त्याची काकी म्हणजे माझी धाकटी जाऊ. आमची घरं एका भिंतीची, अलीकडं मी आणि पलीकडं ती. तिच्या मोरीचं पाणी माझ्या अंगणातून वाहतं. वाटणी झाल्यापासून मी सांगते आहे की पाईप टाक. ती म्हणते, उतारच तिकडं आहे, मी काय जमीन उचलून धरू? ती दहावी शिकलेली, मी चौथी. ती अंगणवाडीत सेविका होती, आता रिटायर झाली. बायांना तपासणीला नेणं, फॉर्म भरणं, डॉक्टरांशी तोंड वर करून बोलणं तिला जमतं, आणि जमतं हे तिला माहीतही आहे. मिश्री तिलाही सासूनंच लावायला शिकवली होती. नोकरी लागल्यावर तिनं सोडली आणि सोडल्याचं गावभर सांगितलं. अंगणवाडीच्या भिंतीवर तिनं मिश्रीच्या डबीचं चित्र लावून त्यावर लाल फुली मारली होती. चित्रातली डबी थेट माझ्या डबीसारखी. मुद्दाम तशी काढून घेतली असं माझं अजूनही म्हणणं आहे.

"न्हाई म्हनली तर बरं हुईल," मी मुलाला म्हणाले. ती नाही म्हणाली नाही. तिला सगळ्यांच्या आजारात पुढं व्हायची हौस आहे.

स्कॅनसाठी आदल्या रात्रीच्या जेवणापासून उपाशी राहायचं होतं. साधं पाणी चालेल, बाकी काही नाही. एसटीत ती माझ्याशेजारी बसली. सुपा मागं पडलं. मग म्हणाली, "बाई, चहा न्हाई ना घेतला?"

"मी काय लहान हाय?"

"लहान पोरं ऐकत्यात. म्हनून इचारलं."

तिथं गेल्यावर एका पोरसवदा दिसणाऱ्या तंत्रज्ञानं बोटातून रक्त काढून साखर बघितली. मग सांगितलं, अंगावरचं सगळं धातूचं काढून सोबतच्या बाईकडं द्या. मी कानातली फुलं काढली. डबी कमरेला होती, पितळेची. ती द्यायच्या आधी मी संडासात गेले आणि डबीतली मिश्री औषधाच्या जुन्या चिठ्ठीत ओतून घेतली. पुडी झंपरात ठेवली. बाहेर येऊन डबी जावेच्या हातात दिली. तिनं ती कानाशी धरून हलवली.

"रिकामी?"

"संपली."

"तुमची? संपली?" तिनं डोळे बारीक केले. पण तेवढ्यात मला आत बोलावलं.

त्या मुलानं सुई टोचली आणि समजावून सांगितलं. बरा बोलला. म्हणाला, आजी, हे औषध साखरेसारखं आहे. शरीरात जो भाग जास्त काम करतो, तो साखर जास्त ओढतो. कॅन्सरला फार भूक असते, म्हणून तो जास्त ओढतो आणि फोटोत उजळतो. मला हे पटलं. हावरा माणूस ताटावर आधी येतो, तसं. मग तो म्हणाला, "आता तासभर ह्या खुर्चीवर गप पडायचं. बोलायचं नाही, खायचं नाही, काही चघळायचं नाही. लघवीला जायचं असेल तर हे बाजूला."

दार लावून तो गेला. खोलीत गारठा होता. वर पांढरा दिवा, कोपऱ्यात बेसिन, समोर भिंत. आतमध्ये ती साखर फिरते आहे आणि हावरटाला शोधते आहे, हे माझ्या डोक्यातून जाईना. सकाळपासून तोंड घासलेलं नव्हतं. जिभेला घाण चव आली होती. मी पुडी काढली. मनात एकदा तपासून घेतलं. खायचं नाही, तर मी खात नाही. चघळायचं नाही, चघळत नाही. संकष्टीच्या कडक उपवासाला चालते, तर सुईच्या उपवासाला न चालायला काय झालं? डाव्या तळहातावर घेतली आणि उजव्या बोटानं लावत बसले. भीती वाटत होती म्हणून जास्त वेळ लावली. वरचे दात, खालचे दात, हिरड्या, परत वरचे. अर्धा तास तरी बोट चालू होतं. मग बेसिनात थुंकले, चूळ भरली, हात धुतला. यंत्रात गेले. आत फार काही नसतं. मोठ्या पाईपात घातल्यासारखं वाटतं आणि घरघर होते.

कपडे करून बाहेर येते तर झाडणारी बाई बोळात उभी राहून ओरडत होती, "त्या खोलीत बेसिन काळं कुनी केलं? आता मला लगीच धुताबी येत न्हाई तिथलं, थांबावं लागतं! कोन थुंकलंय?"

जाऊ बाकावर बसली होती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी ओठ मिटून घेतले. परत येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली, डबी मात्र तिनं दिली नाही. मीही मागितली नाही, कारण मागितली असती तर तिनं विचारलं असतं.

दोन दिवसांनी डॉक्टरकडं गेलो. मुलानं अर्धी सुटी घेतली होती. रिपोर्ट वाचायला जाऊ हवीच, असं त्याचं म्हणणं. डॉक्टरनं कॉम्प्युटर आमच्याकडं वळवला. त्यात मी उभी होते, काळ्या सावलीसारखी, आणि माझं तोंड पेटलं होतं. जीभ, जबड्याच्या दोन्ही बाजू, गाल, सगळं पिवळंजर्द. मानेतली गाठही त्यात दिसत होती.

मुलगा एकदम म्हणाला, "सगळीकडं पसरलंय?"

"नाही," डॉक्टर म्हणाला. आवाजात राग होता. "हे स्नायू आहेत. तोंडाचे स्नायू ह्यांनी त्या तासात सतत हलवलेत. इथं एवढा उजेड झालाय की त्यात एखादी ठिणगी असली तरी मला दिसणार नाही. आणि हे बघा." त्यानं खाली बोट नेलं. "उजवा हात. कोपरापासून खाली. डावा शांत आहे, उजवा काम करतोय. आजी, उजव्या हातानं काय करत होता?"

मी म्हणाले, "माळ जपत हुते."

मुलगा मान हलवायला लागला. बिचाऱ्याला खरं वाटलं.

"माळ?" जाऊ म्हणाली. "डॉक्टर, ह्या घरात मी आले तवापासून बाईंनी माळ हातात धरलेली मी बघितली न्हाई. देवाला उदबत्तीसुदिक सून लावती. मिश्री लावत हुत्या त्या. बेसिन काळं केलं, ती झाडनारी बाई वरडत हुती."

डॉक्टरनं फाईल उघडली. "इथं तंबाखू नाही म्हणून लिहिलंय."

"ती तंबाखू न्हाई," मी म्हणाले, "मिश्री हाय."

"मिश्री कशाची करतात?"

मी पदर नीट केला. सांगितलं जावेनं. "तंबाखू जाळून. आनि आमच्या आळीला समद्यांना ह्याच भाजून देत्यात."

डॉक्टरनं पेन हातात घेतला, नाहीवर काट मारली आणि वर काहीतरी इंग्रजीत लिहिलं. बराच वेळ लिहीत होता. मग मुलाला म्हणाला, हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर दुर्बिणीत मी कुठं जास्त बघायचं ते ठरवलं असतं. आता एक तर असंच सगळ्या घशाला लाईट द्यायची, नाही तर स्कॅन पुन्हा करायचा. ते तुम्ही ठरवा, पण फार दिवस लावू नका.

मुलगा बाहेर येऊन माझ्यावर ओरडला. दवाखान्याच्या पायरीवर, लोकांच्या देखत. "आई, तुला भाकरी खायची हाय का न्हाई? का नळीच पायजे तुला?" त्याचं बरोबर होतं म्हणून मी त्याला उलट बोलले नाही. माझा राग त्याच्यावर नव्हताच. घरी आल्यावर मी हात-पाय न धुता भिंतीशी गेले आणि तिला हाक मारली.

"ए, भाईर ये."

ती आली, पिठाच्या हातांनी.

"डॉक्टरपुढं माझी अब्रू काढायची तुला लई हौस. घरी सांगता आलं नसतं?"

"घरी सांगून काय केलं असतं तुमी? मलाच शिव्या दिल्या असत्या."

"आताबी देते."

"द्या की. त्यानं तुमचं तोंड हालंल, आमचं काय जातंय."

"अंगनवाडीतली अक्कल माझ्यापुढं नको पाजळू. तुझ्या मोरीचं घान पानी माझ्या दारात येतंय तवा कुठं जाती ही अक्कल?"

"बाई," ती म्हणाली, "तुमच्या तोंडाच्या जाळाचा फोटो काढलाय सरकारी यंत्रानं. मोरीचं काय घेऊन बसलाय?" सरकारी नव्हतं ते यंत्र, पण तिला सगळंच सरकारी वाटतं. ती आत गेली आणि दार लावलं. मी अंगणात उभी राहून तिच्या सात पिढ्या काढल्या. त्यातल्या अर्ध्या पिढ्या माझ्याही होत्या, कारण सासर एकच.

भेटायला येणाऱ्यांनी ते आठ-दहा दिवस डोकं खाल्लं. बिस्किटाचा पुडा घेऊन येतात, मानेकडं बघतात आणि कोणाकोणाचं काय झालं ते सांगतात. दोघीतिघी तशातही हळूच म्हणाल्या, "भाजलेली असंल तर जरा द्या की." एकीला मी दिली. सवयीनं हात डब्याकडं गेला. ती गेल्यावर तवा घासून माळ्यावर टाकला.

स्कॅन पुन्हा करायचा ठरला. मुलगा म्हणाला, ह्या वेळी मी येतो, बिनपगारी रजा टाकतो. मी म्हणाले नको, तिलाच सांग.

"काकीला? तुमचं तर..."

"तुला मी फशिवलं. माळ म्हनाले, तू मान हालवली. तिला मला फशिवता येत न्हाई."

ह्यात मनाचा मोठेपणा वगैरे काही नव्हता. माझा माझ्यावर भरवसा नव्हता. मिश्री मी त्या दिवसापासून बंद केली होती, पण डबा घरात होता आणि दिवसातून पन्नास वेळा बोट आपोआप ओठाकडं जायचं. राखणीला कुत्रं ठेवायचं तर ते भुंकणारंच ठेवावं लागतं.

ती आली. ह्या वेळी एसटीत तिनं काही विचारलं नाही. तिथं पोचल्यावर मला बायांच्या संडासात नेलं आणि झडती घेतली. झंपर, कमरेचा ओचा, पदराची गाठ, बटवा, शेवटी अंबाडासुद्धा सोडायला लावला.

"डोक्यात कुनी मिश्री ठेवतं का?"

"तुमी ठिवाल," ती म्हणाली. काही सापडलं नाही. तिला जरा वाईट वाटलं असावं.

सुई टोचताना मी त्या मुलाला विचारलं, "बाळा, मनातल्या मनात बोललं तर चालतं का?"

"मनात काहीही बोला. जीभ हलवू नका. गिळणंसुद्धा कमी करा. आणि हात असे मांडीवर."

दार लागलं. तोच दिवा, तेच बेसिन, घासून लख्ख केलेलं. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. पाच मिनिटांत तोंडाला पाणी सुटलं. उजवं बोट वळवळायला लागलं. शपथेवर सांगते, माझं बोट असून माझं ऐकत नव्हतं. मी त्याच्याकडं डोळे वटारून बघत बसले. बाळंतपणं केली, सोयाबीन काढताना दिवसभर वाकून राहिले, नवऱ्याचा मार खाल्ला, पण तो तास त्या सगळ्याहून अवघड गेला. गप्प बसायची मला सवय नाही. तेव्हा मी एक युक्ती केली. जावेला शिव्या द्यायला लागले, मनात. पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. ती नवी नवरी होऊन आली आणि माझ्या तांब्यानं पाणी प्यायली तिथपासून. मग वाटणी, मोरी, लाल फुलीचं चित्र, डॉक्टरपुढची चुगली, असं क्रमानं जायचं ठरवलं. एकेक काढून सावकाश, पोटभर दिल्या, ओठ न हलवता. मोरीपर्यंत आले तेव्हा दार उघडलं. तास झाला होता. अजून पुष्कळ शिल्लक होत्या.

रिपोर्टला डॉक्टरनं कॉम्प्युटर वळवला तेव्हा मी आधी उजवा हात बघितला. काळा होता. तोंडही काळं होतं, शांत. मानेत गाठीचा दिवा होता, आणि त्याच्या वर, आत, घशाच्या डाव्या बाजूला एक ठिपका. तुरीच्या दाण्याएवढा.

"टॉन्सिल," डॉक्टर म्हणाला. "डाव्या टॉन्सिलच्या घडीत लपलाय. वरून काही दिसत नाही. तुकडा काढून खात्री करू, पण बहुतेक हाच." त्यानं दोन्ही फोटो शेजारी लावले, मागचा आणि आताचा. मागच्यात तीच जागा जाळात बुडालेली. हावरा तिथंच बसला होता, मीच त्याच्यापुढं सगळ्या पंगतीला उभं केलं होतं.

"मग एकाच बाजूला लाईट?" जाऊ विचारत होती. मी विचारणार होते, पण ती पुढं.

"तुकड्याचं उत्तर तसंच आलं तर एकाच बाजूला. डाव्या."

उत्तर तसंच आलं. टॉन्सिल काढलं, गाठ काढली आणि मग लाईट घेतली. मुखवट्यासारखी जाळी तोंडावर घट्ट बसवून टेबलाला अडकवतात. किती दिवस ते सांगत बसत नाही. मानेचं कातडं करपलं, चव गेली, दूधसुद्धा राखेसारखं लागायचं. डावीकडची लाळ आटली. उजवीकडची राहिली. सुनेला मुलगी झाली. डॉक्टरनं तिच्या जवळ जायला हरकत नाही म्हणून सांगितलं, ह्या उपचारानं अंगात काही उरत नाही म्हणे. तरी मी आधी दोनदा विचारून घेतलं.

मिश्री सुटली. सोडली असं म्हणत नाही, कारण अजून स्वप्नात लावते. आळीतल्या बाया आता दुसरीकडून नेतात. माझ्यामुळं कोणी थांबली नाही. जावेनं मला बायांच्या मेळाव्यात चार शब्द बोलायला बोलावलं, मी गेले नाही. तिच्या चित्राशेजारी उभी राहायची माझी इच्छा नाही.

यंदा गावच्या यात्रेला गेले. मंदिरासमोर आमटी-भाकरीच्या पंगती बसल्या होत्या. बायांच्या पंगतीत एकच जागा मोकळी, ती जावेच्या शेजारी. मला दुसऱ्या पंगतीची वाट बघता आली असती. पण ऊन होतं. बसले. भाकरी आमटीत चुरली, घास उजवीकडं घेतला आणि चावायला लागले. एका घासाला मला आता तिप्पट वेळ लागतो. मधे पाण्याचा घोट घ्यावा लागतो. बाकीच्यांची पानं रिकामी झाली. वाढपी परत आले, कोणाला काही नको होतं. सगळी पंगत बसून राहिली, आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा माझ्या तोंडाकडं आल्या. मला तो आमच्या आळीतला माणूस आठवला. घास गालात थांबला. हात पानाकडं जायला लागला, घास काढून ठेवायला.

जावेनं वाढप्याला हाक मारली, "ए, हिकडं आन रं भाकरी." अर्धी भाकरी घेतली आणि आपल्या पानात चुरायला लागली. तिचं पोट भरलेलं होतं, मी बघितलं होतं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "खावा सावकाश. का मोरीचं भांडान हितंच काढायचंय?"

घास खाली गेला. मी म्हणाले, "पाईप कधी टाकनार ते सांग आधी."

"उतारच तिकडं हाय," ती म्हणाली. माझी अजून अर्धी भाकरी राहिली होती. पंगत थांबली होती. मी खात राहिले.